कावीळ : सांगली-मिरज आणि नदीकाठच्या गावांतून नेहमी येणारे प्रश्न

कृष्णाकाठच्या गावांत आरोग्य सहायक म्हणून माझी नोकरी झाली. टाकीवर चढून टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) पडलंय का बघायचं, शेवटच्या नळाला ओटी (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगाने दाखवणारी चाचणी) लावायची, साथ आली की घरोघर फिरून लोकांचे डोळे बघायचे, हे काम. निवृत्त झालो तरी फोन थांबले नाहीत आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा लिहून काढले. औषधांची मात्रा मात्र इथे शोधू नका, ते काम डॉक्टरांचं.

कावीळ झाली म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

कावीळ हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते गाळून पित्तावाटे आतड्यात सोडतं. शौचाला जो रंग येतो, तो यामुळेच. यकृताला सूज आली की हा निचरा तुंबतो आणि पिवळेपणा रक्तात साठतो. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात बिलिरुबिन साधारण १ मिलिग्रॅमच्या आत असतं. ते अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. त्याच्या आधी दोन-चार दिवस लघवी गडद होते, अन्नावरची वासना जाते, मळमळतं, विडी ओढणाऱ्याला विडी नको वाटते. ही शेवटची खूण जुने डॉक्टर आवर्जून विचारायचे.

यकृत विषाणूमुळे सुजतं तसं दारूमुळे, काही औषधांमुळेही सुजतं. पित्ताच्या खड्याने वाट अडली तरी डोळे पिवळे होतात. पूर ओसरल्यावर जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं आणि कावीळ असं एकत्र आलं तर लेप्टोचाही (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून येणारा जिवाणूचा ताप) विचार करावा लागतो, आणि त्याला अँटिबायोटिक लागतं. म्हणून "कावीळ झालीय" हे निदान नाही. खरा प्रश्न "कसली?" हा आहे.

मग विषाणूची कावीळ किती प्रकारची?

ए, बी, सी, डी, ई. लक्षात ठेवायला सोपं करतो. ए आणि ई तोंडावाटे येतात, म्हणजे दुसऱ्याची विष्ठा पाण्यातून किंवा खाण्यातून आपल्या पोटात गेली. ऐकायला किळसवाणं आहे, पण आहे हे असं आहे. बी, सी आणि डी रक्तावाटे येतात. डी एकटा काही करू शकत नाही, त्याला बी लागतो.

ए आणि ई येतात, त्रास देतात आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप जातात. बी आणि सी गुपचूप येऊन वर्षानुवर्षं ठाण मांडू शकतात. पुष्कळदा डोळे कधीच पिवळे होत नाहीत आणि पंधरा-वीस वर्षांनी पोटात पाणी झाल्यावर कळतं. गावात ज्याची भीती वाटते ती पिवळी कावीळ, आणि जी खरोखर जास्त माणसं नेते ती न दिसणारी.

आमच्या आत्याची कावीळ एका माणसाने तीन रविवारांत उतरवली. ते खोटं कसं म्हणायचं?

आत्या बऱ्या झाल्या हे खरंच आहे. उतरवणाऱ्याकडे न जाताही त्या तेवढ्याच दिवसांत बऱ्या झाल्या असत्या. ए किंवा ई ची कावीळ बहुधा तीन ते सहा आठवड्यांत ओसरते. माणूस उतरवायला जातो तोवर पहिला आठवडा गेलेला असतो, वर तीन रविवार. हिशेब जुळतो आणि श्रेय त्याला मिळतं.

आता उतरवणारा हात धुतो तेव्हा परातीतलं पाणी पिवळं होतं, ते. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असेल आणि परातीत चुन्याची निवळी असेल, तर निरोगी माणसाच्या हातूनही पाणी पिवळं होतं. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते असले प्रयोग शाळाशाळांत करून दाखवत आले आहेत. माळेचंही तसंच. ओल्या काड्यांची सैल गाठी मारलेली माळ असते. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सुटत जातात आणि डोक्यात घातलेली माळ छातीपर्यंत उतरते. कावीळ उतरली म्हणून माळ वाढत नाही, काड्या वाळल्या म्हणून वाढते.

इथवर मी वाद घालत नाही. माळ घाला आणि रक्तही तपासा, असं मी म्हातारीकोतारींना सांगत आलो. वाद येतो तो नाकात देवडांगरीचे (एका कडू रानफळाचे) थेंब टाकण्यावर आणि मनगटावर डाग देण्यावर. देवडांगरी इतकी तीव्र असते की नाकाची आतली त्वचा सोलवटून पिवळट पाणी तासन्‌तास गळतं. लोक म्हणतात कावीळ बाहेर पडली. ती कावीळ नसते, भाजलेल्या त्वचेतून सुटणारा द्रव असतो. डाग दिल्याने तर फक्त जखम होते.

सगळ्यात मोठं नुकसान वेळेचं. दहातले नऊ आपोआप बरे होतात, दहावा का होत नाही हे उतरवणाऱ्याला कळायची सोय नसते.

हा "दहावा" ओळखायचा कसा?

हा परिच्छेद फोनमध्ये साठवून ठेवलात तरी चालेल. काविळीच्या रुग्णात यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या :

दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, नेहमीच्या गोष्टी विसरणं, हात पुढे करून पंजा उभा धरायला सांगितला तर तो फडफडणं. हिरड्यांतून, नाकातून रक्त किंवा काळी शौच. उलट्या इतक्या की पाणीही टिकत नाही. पोट फुगणं, लघवी कमी होणं. आणि गरोदर बाई असेल तर यांतलं एकही लक्षण नसताना, नुसत्या पिवळ्या डोळ्यांवर.

तपासणीत लोक बिलिरुबिनचा आकडा पाठ करतात. एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारी तपासणी) हजारावर गेलं म्हणून घाबरतात. डॉक्टरांचं लक्ष मात्र आणखी एका तपासणीवर असतं, ती म्हणजे पीटी-आयएनआर. रक्त गोठायला लागणारे घटक यकृतच बनवतं. ते बनवणं मंदावलं की हा आकडा चढतो. बिलिरुबिन १२ आणि आयएनआर नीट असलेला माणूस घरी राहून बरा होऊ शकतो. बिलिरुबिन ६ आणि आयएनआर चढतंय, त्याला दाखल करावं लागतं.

सुनेला सातवा महिना आहे आणि शेजारी कावीळ निघालीय. काय करू?

आजपासून तिचं पिण्याचं पाणी उकळून. पूर्ण खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट तरी आचेवर राहू द्या आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. बाहेरचा रस, बर्फ, चटणी, कापलेली फळं बंद. डोळे, लघवी रोज बघा, जरा शंका आली तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे.

एवढी घाई का, तर ई विषाणू गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, फार वाईट वागवतो. इतरांत शंभरात एखादा दगावतो, तिथे शेवटच्या तिमाहीतल्या बायकांमध्ये हे प्रमाण वीस-पंचवीसपर्यंत गेलेलं आहे. असं का होतं याचं पुरतं उत्तर शास्त्रज्ञांनाही मिळालेलं नाही. ई वर चीनमध्ये २०११ मध्ये लस मंजूर झाली, आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. म्हणजे आपल्याकडे तिचं रक्षण करणारी एकच गोष्ट उरते, चुलीवरचं पातेलं.

पूर येऊन महिना झाला, आता कसली कावीळ?

आताच. ए चा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी चार आठवडे लागतात, ई ला पाच-सहा, कधी दहासुद्धा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. असल्या पुरात कुणी घोटभर गढूळ पाणी प्यालं तर त्याचे डोळे गणपती-नवरात्रात पिवळे होतील. तोवर मदतीच्या गाड्या परत गेलेल्या असतात, क्लोरीनच्या बाटल्या संपलेल्या असतात आणि लोक म्हणतात, "काल गाड्यावरची भेळ खाल्ली, तिनं केलं." कालच्या भेळेने आज कावीळ होत नाही. महिना-दीड महिन्यामागे कुठे पाणी प्यालात ते आठवा. आषाढीला गेला होतात? कुणाच्या लग्नात जेवलात?

नळाला क्लोरीनचा वास येतो. तरी कावीळ कशी होईल?

माझ्या आवडीचा प्रश्न, जरा लांबण लावतो.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं पाणी उचलण्याच्या ठिकाणी नाल्याचं सांडपाणी शिरलं. जलशुद्धीकरणवाल्यांनी क्लोरीन वाढवलं. विषमज्वर, हगवण फारशी वाढली नाही, म्हणजे जिवाणू मेले. आणि काही आठवड्यांनी सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळलं की तो ई होता. विषाणू जिवाणूंपेक्षा चिवट असतात, आणि पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणांआड लपून क्लोरीन चुकवतात. म्हणून आधी तुरटी फिरवून, निवळून, गाळून घ्यायचं आणि मग क्लोरीन. क्लोरीन घातल्यावरही अर्धा तास थांबायचं. आपल्याकडे पुराच्या धांदलीत हाच क्रम उलटा होतो.

दुसरं, टीसीएल पावडर. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकणं म्हणजे चुना टाकणं. ग्रामपंचायतीच्या खोलीत खताच्या पोत्यांशेजारी पडलेली असली पोती मी पुष्कळ पाहिली.

तिसरं, टाकीपाशी ओटी पिवळी आली आणि शेवटच्या गल्लीत आलीच नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा, साथीत ०.५. एका गावात एकाच आळीत कावीळ निघत होती. टाकी स्वच्छ, पावडर ताजी. तीन दिवस डोकं खाजवल्यावर एका पोराने दाखवलं, व्हॉल्व्हची चेंबर गटारात बुडालेली. पाणी सुटतं तेव्हा नळात दाब असतो, गळतीतून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की नळात पोकळी होते आणि त्याच गळतीतून गटार आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पहिली कळशी भरणाऱ्याच्या घरात ते जातं. वर घरोघरी मोटारी लावलेल्या, त्या आणखी ओढतात. मी अहवालात लिहिलं, चेंबर उचलायला आणखी दोन महिने लागले. तोवर अकरा घरांत कावीळ झाली होती.

तुमच्या गावाला पाण्याचं हिरवं, पिवळं की लाल कार्ड (हिरवं म्हणजे धोका कमी, लाल म्हणजे जास्त) मिळालंय, हे ग्रामपंचायतीत विचारा. ग्रामसभेत विचारलंत तर आणखी चांगलं.

घरचं आरओ आहे, मग भीती नाही ना?

पडदा आणि फिल्टर वेळेवर बदलले असतील तर बरीच कमी. पण मुलं शाळेत काय पितात? मिरज जंक्शनवर काय पिता? जारचं गार पाणी "शुद्ध" असतं हे जारवर लिहिलेलं असतं, एवढंच. साथीच्या दिवसांत उकळलेल्या पाण्याला तोड नाही. पुरात लाकूड-गॅस नसेल तर आशाताईंकडून मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध) घ्या आणि बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब टाका.

ऊसतोडीच्या टोळ्यांचा विचार कुणी करत नाही, म्हणून इथे लिहितो. फडाशेजारच्या कोप्यांत राहणारी माणसं कालव्याचं, विहिरीचं पितात, शौचाला उघड्यावर जातात. त्यांच्या मुकादमाला एक मेडिक्लोरची पेटी देणं गावाच्याही हिताचं आहे. पाणी शेवटी एकच.

हळद बंद करायची का? आणि उसाचा रस?

सांगलीत हळद बंद करा म्हणणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. हरिपूरच्या हळद साठवायच्या जुन्या पेवांपासून मार्केट यार्डापर्यंत सगळं पिवळं. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तर, आमटी-भाजीतल्या चिमूटभर हळदीने कावीळ होत नाही, वाढतही नाही. रंग सारखा म्हणून संबंध जोडला गेला. मात्र हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

रस चालतो, साखरेने तरतरी येते. चालत नाही तो त्यातला बर्फ, चरकाखालची कळकट बादली आणि एकाच टबात बुडवलेले पेले. रोग्याला बरं करायला आणलेल्या रसातूनच घरात दुसरा रोगी होतो. मधुमेह असेल तर रस नकोच.

बाकी पथ्याचं म्हणाल, तर फुटाणे आणि कोरडी भाकरी यांवर महिनाभर ठेवून माणसाला वाळवू नका. मळमळ असते तोवर तेल-तूप आपसूक नको वाटतं. भूक आली की वरण-भात, भाकरी, ताक, अंडं, सगळं द्या. दारू पूर्ण बंद. सूज उतरल्यावर "आता एक पेग" हेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गुळवेल, काढे, "लिव्हर टॉनिक" यांनी फायदा होतो ना?

ए आणि ई वर बाहेरचं औषध लागतच नाही, यकृत स्वतः भरून येतं. तेवढा काळ त्याच्यावर ओझं टाकायचं नाही, हाच उपचार. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, सुजलेल्या यकृतावर प्रयोग कशाला? तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. आणि टीबीच्या गोळ्या चालू असताना डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरात एकाला झाली. ताट-वाटी वेगळी करू?

ए चा विषाणू डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त बाहेर पडतो. तुम्ही ताट वेगळं करता तोवर वाटायचं ते वाटून झालेलं असतं. ताटापेक्षा संडासानंतर साबणाने हात धुण्याकडे लक्ष द्या, आणि आजारी माणसाला आठवडा-दोन आठवडे स्वयंपाकात हात घालू देऊ नका.

लहान मुलांना ए झाला तर पुष्कळदा डोळेही पिवळे होत नाहीत. आता घरोघरी संडास झाले, पाणी सुधारलं, मुलं लहानपणी वाचतात आणि कॉलेजच्या होस्टेलवर, विसाव्या वर्षी गाठली जातात. वय वाढेल तसा हा आजार जड जातो. ए ची लस खासगी दवाखान्यात मिळते. परवडत असेल तर पोरं बाहेरगावी शिकायला जायच्या आधी द्या.

रक्तदानानंतर कळलं, मला "पांढरी कावीळ" आहे. म्हणजे काय?

आपल्याकडे बी ला, कधी सी लाही, पांढरी कावीळ म्हणतात. तुमची एचबीएसएजी तपासणी (बी चा विषाणू रक्तात आहे का ते दाखवणारी) पॉझिटिव्ह आली असणार. घाबरू नका, पण कागद कपाटात ठेवून विसरूही नका. सहा महिन्यांनंतरही विषाणू रक्तात राहिला तर तो मुक्कामाला आला असं धरतात. मोठेपणी लागण झालेल्यांत शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत तो असा राहतो, जन्मताना लागण झालेल्या बाळांत मात्र नव्वदांत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे ५५ लाख लोक होते. बहुतेकांना पत्ताच नाही. सी वर आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. बी पुरता जात नाही, पण टेनोफोविरसारख्या गोळ्यांनी दाबून ठेवता येतो. प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी मात्र लागते. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली बी-सी ची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. सिव्हिलमध्ये त्याच नावाने विचारा, नुसतं "काविळीचं औषध" म्हणू नका.

ही पांढरी कावीळ मला लागली कुठून?

आईकडून जन्मताना, शरीरसंबंधातून, किंवा सुईतून. बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या आणि त्यातून बी ची साथ येऊन कित्येक माणसं गेली. इंजेक्शन घेतल्याशिवाय बरं वाटत नाही ही आपली जुनी खोड. गोळीने भागत असेल तर सुई मागू नका, आणि घ्यायचीच तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. न्हाव्याकडे नवं ब्लेड. यात्रेत एकाच सुईने पन्नास हातांवर नावं गोंदणाऱ्याला लांबूनच रामराम.

एकत्र जेवण, एकाच संडासाचा वापर, मिठी, खोकला यांतून बी-सी पसरत नाही.

मग लग्न करू शकतो का? मुलीकडच्यांना सांगायचं का?

लग्न जरूर करा, आणि सांगाही. होणाऱ्या जोडीदाराची तपासणी करून, लागण नसेल तर बी च्या लसीचे तीन डोस द्यायचे : आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. मग अडचण राहत नाही. लपवून झालेली लग्नं पहिल्या बाळंतपणातल्या रक्ततपासणीत उघडी पडताना मी बघितली आहेत, तेव्हा आजार बाजूला राहतो आणि दोन घरांत तंटा होतो.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाचं काय?

बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बी ची लस, आणि आई पॉझिटिव्ह असल्याने सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन, शक्यतो पहिल्या बारा तासांतच. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, त्यात बी ची लस असतेच. आईने अंगावर खुशाल पाजावं. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर शेवटच्या महिन्यांत तिला गोळ्या देतात, म्हणून नाव नोंदवतानाच तपासणी करून घ्या आणि डिलिव्हरी करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा.

बाळंतपण शनिवारी रात्री झालं तर सोमवारची वाट बघू नका. "लसीकरणाचा वार नाही" हे उत्तर जन्माच्या डोसाला लागू होत नाही. नर्सताईंना तिथल्या तिथे विचारा, "बाळाची हिपॅटायटिसची सुई झाली का?" आणि कार्डावर तारीख-वेळ लिहून घ्या.

तान्ह्या बाळाचं अंग तिसऱ्या दिवशी पिवळं दिसतंय, ती हीच कावीळ का?

नाही. नवजात बाळाचं यकृत कामाला लागायचं असतं, त्यामुळे बहुतेकांत ती येते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. पहिल्याच दिवशी पिवळं पडलं, तळपाय पिवळे झाले, बाळ ओढत नाही किंवा शौच पांढरी होतेय, तर मात्र लगेच बालरोगतज्ज्ञांकडे.